‘गेटवर ठेवलंय’: आमच्या सोसायटीच्या पार्सल खोलीची हकीकत

पाणी, पार्किंग आणि कुत्री हे तीन नेहमीचे विषय बाजूला पडून वार्षिक सभेत चौथाच विषय तासभर चालला, असं आमच्याकडे पहिल्यांदाच झालं. विषय होता गेटवरचं टेबल. वॉचमनला रजिस्टर ठेवायला म्हणून दिलेलं ते लोखंडी टेबल पार्सलांखाली दिसेनासं झालं होतं. टेबलावर पार्सलं, टेबलाखाली पार्सलं, केबिनच्या खिडकीच्या कट्ट्यावर पार्सलं. पाऊस आला की एक फाटकी ताडपत्री. कुणाचं घड्याळ सापडत नव्हतं, कुणाच्या पुस्तकांच्या खोक्याला पाणी लागलं होतं, आणि ए विंगमधल्या एका मुलाचा हेडफोन ‘डिलिव्हर्ड’ असा मेसेज येऊनही कुणाच्याच दृष्टीला पडला नव्हता. सगळे वॉचमनवर तुटून पडले. मी एवढंच विचारलं, की या माणसाच्या कामाच्या यादीत पार्सल सांभाळणं कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं. एजन्सीबरोबरच्या करारात ‘येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद’ एवढंच होतं.

असं काही विचारलं की काम आपल्याच गळ्यात पडतं, हे सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. शिवाय माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये झालेली. चेअरमन म्हणाले, “ताई, तुम्ही तर आयुष्यभर हेच केलंत.” झालं. उपसमितीत मी, सी विंगमधले एक वकील आणि आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करणारी एक मुलगी.

आमची सोसायटी पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला आहे. पाच विंग, सात मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे १४० फ्लॅट. इमारत उभी राहिली तेव्हा पोस्टमन आणि महिन्यातून एखादा कुरिअरवाला एवढीच आवक होती. त्यासाठी प्रत्येक जिन्याशी पत्र्याच्या टपालपेट्या दिलेल्या. तळमजल्यावर टपालपेट्या असाव्यात अशी तरतूद बांधकाम नियमावलीतच आहे, त्यामुळे बिल्डरने त्या लावल्या. पार्सलासाठी जागा ठेवा असं तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि कुणाला सुचलंही नाही.

पहिला प्रश्न जागेचा. कमिटीचा आवडता उपाय तयारच होता: स्टिल्ट पार्किंगमधल्या, म्हणजे इमारतीखाली नुसत्या खांबांमधल्या मोकळ्या पार्किंगच्या, कोपऱ्याला दोन भिंती आणि एक रोलिंग शटर, की झाली खोली. आमच्या आर्किटेक्ट मुलीने तिथल्या तिथे नकार दिला. स्टिल्ट मोकळं असतं म्हणून ते एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामाच्या क्षेत्रात, धरलेलं नसतं. भिंती घालून बंद केलं की ते बांधकाम होतं, आणि मंजूर नकाशात नसलेलं बांधकाम उद्या रिडेव्हलपमेंटच्या वेळी नाहीतर एखाद्या भांडकुदळ सभासदाच्या तक्रारीत अंगाशी येतं. दुसरी सूचना मीटर रूमची, ‘तशीही बंदच असते’ म्हणून. ज्या खोलीत इमारतीचे सगळे विजेचे मीटर आणि केबल आहेत तिथे पुठ्ठ्याची खोकी भरायची, हे ऐकून वकीलसाहेबांनी नुसतेच हात जोडले. जिन्याखालची जागाही त्याच कारणाने बाद. आग लागली की लोक जिन्यानेच खाली येणार.

शेवटी नजर गेली सोसायटी ऑफिसवर. गेटपासून वीस पावलं, मंजूर नकाशातली दहा बाय बाराची पक्की खोली, महिन्यातून एकदा मीटिंगपुरती उघडणारी. आत काय होतं? मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गणपतीचं थर्माकोलचं मखर (थर्माकोलवर बंदी आली तरी ते टाकवत नव्हतं), जुन्या हिशेबाच्या फायली, आणि १९९८ पासूनच्या रंगकामाचे अर्धे डबे. खोली रिकामी करायलाच सगळ्यात जास्त वाद झाला. मखर कुणाच्या मालकीचं यावर दोन माजी चेअरमन एकमेकांशी बोलेनासे झाले, ते अजून बोलत नाहीत.

जागा ठरल्यावर लोकांना वाटलं, आता रॅक मारले की झालं. इथे मात्र मी अडून बसले. स्टोअर्समध्ये शिकलेली पहिली गोष्ट अशी, की किती माल येतो यापेक्षा तो किती दिवस पडून राहतो हे आधी बघायचं. म्हणून काही दिवस वॉचमनच्या शेजारी खुर्ची टाकून मी नुसती नोंद केली: आलं कधी, गेलं कधी, आकार केवढा. रोजची आवक साधारण पासष्ट. पार्सल सरासरी दीड दिवस पडून राहायचं. म्हणजे कोणत्याही क्षणी खोलीत शंभरेक पार्सलं असणार. हाच मुक्काम तीन दिवसांवर गेला तर आवक तीच राहूनही खोलीत दोनशे होतात. दिवाळीआधीच्या सेलमध्ये आवक दीडशेवर जाते, तेव्हा दीड दिवसाच्या हिशेबानेच सव्वादोनशे. थोडक्यात, खोली केवढी लागेल हे येणाऱ्या पार्सलांइतकंच, लोक खाली उतरायचा किती कंटाळा करतात यावरही ठरतं. मुक्काम निम्म्यावर आणला तर खोली दुप्पट केल्यासारखं आहे, आणि त्याला एक वीटही लागत नाही.

हे मी कमिटीसमोर मांडलं तेव्हा ‘एवढा हिशेब कशाला’ अशा चेहऱ्याने सगळे बघत होते. पण पुढची प्रत्येक गोष्ट या एका आकड्यावर बेतलेली आहे.

आकारांची गंमत वेगळीच. खोकी कमी, पिशव्या जास्त. कपडे, मोबाइलचं कव्हर, टिकल्यांची पाकिटं, सगळं करड्या किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाऊचमधून येतं. निम्म्याहून जास्त माल असा. हे पाऊच फळीवर आडवे ठेवले की एकावर एक घसरतात आणि खालचं कधीच सापडत नाही. त्यांच्यासाठी भाजीवाले वापरतात तसे प्लॅस्टिकचे क्रेट घेतले आणि पाऊच फायलींसारखे उभे ठेवायला लावले, वरच्या कडेला मार्करने फ्लॅट नंबर. क्रेटवरून बोट फिरवलं की हवा तो पाऊच हाताला लागतो. बुटाच्या खोक्याएवढ्या मालासाठी पंचेचाळीस सेंटिमीटर खोल फळ्या, दोन फळ्यांत तीस सेंटिमीटर अंतर. त्याहून खोल फळी केली की लोक दोन रांगा लावतात आणि मागची रांग विस्मृतीत जाते. मोठ्या खोक्यांसाठी खालचा कप्पा उंच ठेवला, पण जमिनीपासून वीतभर वर. जूनमध्ये गेटकडचं पाणी त्या खोलीच्या उंबऱ्याला टेकतं हे सगळ्यांना माहीत होतं, सुताराला सोडून.

रॅक भवानी पेठेतून स्लॉटेड अँगलचे आणले. नटबोल्टचे असल्याने फळी वरखाली करता येते, आणि ती आम्ही पुढे बऱ्याचदा केली. दिवे, एक कॅमेरा, एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं, धुराचा डिटेक्टर, दार अर्ध्यात कापून केलेला कट्टा, सगळं मिळून सत्तर हजारांच्या आत बसलं.

त्याआधी स्मार्ट लॉकरची एक फेरी झाली होती. स्क्रीनवर कोड टाकायचा, की दार उघडतं. दिसायला झकास. डी विंगमधल्या एकांची मुलगी अमेरिकेत असते, तिने तिथल्या इमारतींचे फोटो पाठवले. तिथे टपालखात्याचंच मानक आहे, पाच टपालपेट्यांमागे किमान एक पार्सल लॉकर. त्या हिशेबाने आम्हाला अठ्ठावीस लागले असते. कोटेशन आलं ते काही लाखांचं, वर दर वर्षी देखभालीचे वेगळे. पैशाचं जाऊ द्या, सेलच्या दिवसात दुपारी बारालाच अठ्ठावीस कप्पे भरले की पुढचा मुलगा पार्सल ठेवणार कुठे? टेबलावरच. लॉकर वाईट नाहीत. पण तिथे कप्पा रिकामा व्हायला माणूस वेळेवर खाली यावा लागतो, आणि आमची मूळ अडचण तीच होती.

मांडणीचा माझा पहिला आराखडा विंगवार होता: ए, बी, सी, डी, ई, प्रत्येकीला एक रॅक, प्रत्येकीचा रंग वेगळा. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात ए विंगमध्ये भाड्याने राहणारी आयटीतली मुलं, त्यांचा रॅक संध्याकाळी चारलाच ओसंडून वाहायचा. डी विंगमध्ये बहुतेक निवृत्त मंडळी, त्यांच्या रॅकवर आठवड्याला दोन औषधाची पाकिटं आणि ऑक्टोबरात दिवाळी अंकांचे गठ्ठे. तोडगा काढला तो दिवसपाळीच्या वॉचमनने. बिहारचा माणूस, सात-आठ वर्षं आमच्याकडे आहे, मराठी समजतं पण वाचत नाही. तो म्हणाला, “मॅडम, बिल्डिंग मत देखिए, नंबर लगाइए. जहाँ जगह है वहाँ रखेंगे.” मंदिराबाहेरच्या चप्पल स्टँडवर चालतं तसं: चप्पल कुणाची याच्याशी कर्तव्य नाही, बिल्ला कितवा ते सांगा. आता प्रत्येक फळीला नि क्रेटला ठळक आकडा आहे. पार्सल आलं की मोकळ्या जागी ठेवायचं, गेटवरच्या नोंदींच्या ॲपमध्ये फ्लॅटसमोर तो आकडा टाकायचा. घरच्यांना मेसेज जातो, ‘फळी १४’. विंगचे रंग काढून टाकले. आकडे त्याच्याच सांगण्यावरून हाताच्या पंजाएवढे केलेत, कारण रात्रपाळीच्या दादांना चष्मा आहे आणि तो ते लावत नाहीत.

इथपर्यंतचा भाग सोपा म्हणायचा. खरी कटकट पार्सल हातात घेतल्यावर सुरू होते. कुरिअरच्या मुलाच्या मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ पडल्यापासून सभासदाच्या हातात वस्तू जाईपर्यंत ती कुणाच्या जबाबदारीवर? या मधल्या काळाला कुणी वालीच नव्हता. त्या हेडफोनचंच घ्या. जुनं फुटेज काढून पाहिलं तर तो मुलगा गेटवर आला, बाइकवर बसल्या बसल्या सात-आठ पार्सलांवर एकदमच ‘डिलिव्हर्ड’ केलं, टेबलावर काही ठेवली आणि गेला. हेडफोन त्यात होता की नव्हता हे फुटेजमध्ये कळतच नव्हतं, कारण कॅमेरा माणसांच्या चेहऱ्यांवर रोखलेला. नवीन कॅमेरा आम्ही कट्ट्याच्या बरोबर वर लावला, खाली बघणारा. चेहरा दिसला नाही तरी चालेल, लेबल वाचता आलं पाहिजे. डीव्हीआरची, म्हणजे फुटेज जपून ठेवणाऱ्या यंत्राची, साठवण महिनाभराची करून घेतली, कारण लोक गावाहून परत येऊन तक्रार करतात. आणि नियम असा, की वॉचमनने कट्ट्यावर मोजून घेतल्याशिवाय मुलाने ‘डिलिव्हर्ड’ करायचं नाही. सुरुवातीला मुलं कुरकुरली. मग त्यांच्याही लक्षात आलं, की पूर्वी बारा पार्सलांसाठी पाच विंगांत चढउतार करायला पाऊण तास जायचा, तो आता पाच-सहा मिनिटांवर आलाय. त्यांना पार्सलमागे पैसे मिळतात, तासावर नाही.

एक अवांतर. जिन्याशी ‘डिलिव्हरी बॉइजनी लिफ्ट वापरू नये’ असा बोर्ड होता. पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन सातव्या मजल्यावर जा, असं आपण लेखी सांगतो. तो बोर्ड मी उपसमितीच्या कामात धरून काढून टाकला. कुणी विचारलं तर रंगकामासाठी काढलाय म्हणून सांगायचं ठरलं होतं, पण कुणी विचारलंच नाही. कट्ट्याबाहेर एक बाकडं आणि पिण्याच्या पाण्याचा नळही दिलाय.

मुलं चुकीच्या गेटवर का जातात याचाही छडा लागला. नकाशावरची आमची खूण मागच्या गल्लीत पडते, जिथलं गेट गेली कित्येक वर्षं कुलूपबंद आहे. टपालखात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलं, तेव्हा ई विंगमधले एक उत्साही गृहस्थ सगळ्यांच्या पत्त्यात ते घालायचंच म्हणून बसले. दहा अक्षर-अंकांत चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन सापडतो, ही गोष्ट मुख्य गेटसाठी उपयोगी आहे आणि तेवढ्यापुरती आम्ही ती घेतलीही. पण एका चौकोनावर आमचे सात मजले उभे आहेत. मजला आणि फ्लॅट पत्त्यात लिहावाच लागतो, आणि तोच लिहायला लोक विसरतात. सहा आकडी पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. ती आणावी लागली याचं कारणही हेच होतं, सारख्या नावांची गावं आणि लोकांनी कसेही लिहिलेले पत्ते. ते कसंही लिहिणं काही थांबलेलं नाही. ‘पाटील, कर्वेनगर’ एवढ्याच पत्त्यावर एक पार्सल आलं होतं. आमच्याकडे पाटील अकरा आहेत.

आता सह्यांविषयी, कारण वकीलसाहेबांनी यावर पूर्ण एक मीटिंग खाल्ली आणि ती योग्य कारणासाठी खाल्ली. खोली व्हायच्या आधीची गोष्ट. एका सभासदाच्या नावाने आलेली रजिस्टर्ड नोटीस वॉचमनने सही करून घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. नोटीस चेक न वटल्याची होती. अशी नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि ते दिवस ड्रॉवरमध्येच संपले. पुढे तडजोड झाली, पण त्या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या दिसल्या. बरोबर पत्त्यावर, टपालखर्च भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलंच असं कायदा गृहीत धरतो, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं सत्ताविसावं कलम. उलट सिद्ध करत बसायचं ते तुम्ही. मग त्यात वॉचमनची सही ही कशाला भर?

म्हणून ठरलं: सही लागणारं टपाल खोलीत घ्यायचंच नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी आमच्या दृष्टीने फरक शून्य. स्पीड पोस्ट, कोर्टाचं काहीही, बँकेचं कार्ड, चेकबुक, हे पोस्टमनने घरी नेऊन द्यायचं, घर बंद असेल तर त्यांच्या नियमाप्रमाणे सूचना ठेवायची. पासपोर्ट तर पोस्टमन ओळखपत्र पाहून ज्याचा त्यालाच देतात. आमचे पोस्टमनकाका यावर खूश नव्हते, कारण त्यांना गेटवर गठ्ठा देऊन जायची सवय झाली होती. चहा पाजून समजूत काढली. त्यांनीही एक अट घातली, आणि ती रास्त होती: टपालपेट्या दुरुस्त करा.

मी सगळ्या विंगा फिरून त्या पेट्या पाहिल्या. निम्म्यांची कुलपं गंजलेली, काहींवर तीन मालकांपूर्वीचं नाव, एकीत भिंगरीमाशीचं घर, आणि सगळ्यांत क्लासच्या नि पेस्ट कंट्रोलच्या पत्रकांचा लगदा. मिळकतकराची बिलं त्याच लगद्यात सवलतीची मुदत संपेपर्यंत पडून राहत होती. एलआयसीच्या हप्त्याची पत्रंही. नव्या पेट्या एकाच ठिकाणी, पार्सल खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर लावाव्यात असं आम्ही सुचवलं, म्हणजे पोस्टमनला पाच जिने फिरायला नकोत. झेरॉक्सच्या कागदाचं मोठं पाकीट न दुमडता जाईल एवढी फट, पाऊस आत येऊ नये म्हणून वर पत्र्याचं छज्जं, आणि पेटीवर नाव नाही, फक्त फ्लॅट नंबर. नावं बदलतात, फ्लॅट तिथेच राहतो. वरच्या रांगा दिल्या तरुणांना, कंबरेच्या उंचीच्या सत्तरीपुढच्यांना. या वाटपावरून भांडणं होतील असं वाटलं होतं. झाली नाहीत. लोकांचा पेट्यांमधला रसच गेलाय.

खोलीत न घेण्याच्या गोष्टींची यादी हळूहळू वाढत गेली. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, कारण वॉचमनने पदरचे पैसे भरायचे आणि मग सभासदाच्या मागे फिरायचं, हा प्रकार आम्ही पाहिला होता. महागडे मोबाइल आणि लॅपटॉप ‘ओपन बॉक्स’ने येतात, खोकं ग्राहकासमोर उघडायचं असतं, ते वॉचमनने उघडून काय उपयोग? शिजवलेलं अन्न आणि दहा मिनिटांत येणारा किराणा थेट घरी. वीस किलोच्या वरचं थेट घरी. कुत्र्याच्या खाण्याची पोती सुरुवातीला घेतली, मग उंदीर आले, मग बंद केली.

परत पाठवायच्या मालाचा विचार मात्र कुणीच केला नव्हता, आणि खोली सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो पुढे आला. तीन मापांचे कुडते मागवायचे, एक ठेवायचा, दोन परत. न्यायला मुलगा येतो तेव्हा घरी कुणी नसतं, मग लोक येता-जाता ते पाऊच वॉचमनच्या हातात कोंबायला लागले. आलेला माल आणि जाणारा माल एकाच कट्ट्यावर. परतीचं पाकीट चुकून दुसऱ्याच्या घरी गेलं, त्यांनी फोडलं, कुडता छान आहे म्हणाले. त्यानंतर दाराच्या डाव्या हाताला परतीची वेगळी फळी केली. त्यावर फ्लॅट नंबर आणि ऑर्डरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवली असेल तरच घ्यायचं. मुलगा वस्तू तपासायची म्हणाला किंवा ओटीपी मागितला तर वॉचमन इंटरकॉम करतो. पलीकडून उत्तर नसेल तर मुलगा रिकाम्या हाताने परत जातो. त्याला इलाज नाही.

मुक्काम कमी करण्याचं काम सर्वांत चिवट. मेसेज जातो, लोक वाचतात, आणि ‘उद्या घेऊ’. संध्याकाळी सात ते नऊ मध्ये एक मदतनीस ठेवायचा, लोक कामावरून परतताना पार्सल त्यांच्या हातात द्यायचं, ही कल्पना बऱ्यापैकी चालली. गाडी आत येताना ॲपवर नोंद होते, त्याच वेळी ‘तुमचं पार्सल आहे’ हे सांगितलं जातं. माणूस एकदा वर गेला, चपला काढल्या, की तो खाली येत नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशी वीसेक घरं आहेत, त्यांना सहा वाजता इंटरकॉम. डी विंगमधले आजोबा तर फोन व्हायच्या आधीच खाली येऊन बाकड्यावर बसलेले असतात. पार्सल असो वा नसो.

या मदतनिसाचा आणि एजन्सीच्या वाढीव कामाचा खर्च महिन्याला साडेदहा हजार, म्हणजे फ्लॅटमागे ७५ रुपये. विशेष सभेत एक गृहस्थ उठले, “मी ऑनलाइन काही मागवत नाही. मी का भरू?” मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं विभागलं जातं, आणि लिफ्टचा खर्चही तळमजल्यावरचा सभासद भरतोच. वकीलसाहेबांनी हे सांगितलं, पण गृहस्थ बसले ते दुसऱ्याच कारणाने. मागून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, मी मागवते.”

सात दिवस झाले तरी नेलं नाही तर फ्लॅटच्या दाराशी नेऊन ठेवायचं आणि मेन्टेनन्सच्या बिलात पन्नास रुपये लावायचे, असा ठराव झाला. आजवर पन्नास रुपये कुणालाही लावलेले नाहीत. ठराव मात्र खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलाय आणि तो काम करतो. मुक्काम आता साधारण एका दिवसावर आला आहे. गेल्या दिवाळीत खोली तुडुंब भरली खरी, पण कट्ट्याबाहेर काही आलं नाही.

सगळ्यात नाजूक वेळ पाळी बदलायची, सकाळी आठ आणि रात्री आठ. पूर्वी हरवलेल्या बहुतेक वस्तू याच अर्ध्या तासात हरवलेल्या. जाणारा म्हणतो मी दिलं, येणारा म्हणतो मला सांगितलं नाही. आम्ही कारखान्यात करायचो तेच इथे केलं: पाळी सोडताना फळ्यांवरची पार्सलं मोजून आकडा वहीत, दोघांच्या सह्या, आणि तो आकडा ॲपमधल्या शिलकीशी जुळला पाहिजे. पाच मिनिटांचं काम. जुळला नाही तर जाणाऱ्याने थांबायचं. पहिले काही दिवस रोज दोन-तीनचा फरक यायचा, बहुतेकदा कुणी तरी घाईत उचलून नेलेलं आणि नोंद राहिलेली. ॲप कितीही हुशार असलं तरी त्या वहीशिवाय माझा विश्वास बसत नाही, आणि रात्रपाळीच्या दादांचाही नाही.

शेजारच्या सोसायटीची मंडळी बघून गेली. त्यांच्याकडे खोली आमच्या दुप्पट आहे आणि त्यांना ती लहान पडते. मी त्यांना मुक्कामाचा आकडा विचारला, तो त्यांनी काढलेला नव्हता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. एप्रिलमध्ये बी विंगमधल्या काकूंचं इन्सुलिन दुपारी आलं आणि संध्याकाळपर्यंत फळीवर राहिलं. इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं. थर्माकोलच्या डब्यातली जेलची पिशवी पाणी पाणी झाली होती. वॉचमनला ते साधं खोकंच वाटलं, कारण डब्यावरची ‘थंड ठेवा’ची सूचना कुरिअरच्या लेबलखाली गेली होती. आता थर्माकोलचा डबा दिसला की लगेच इंटरकॉम करायचा, असा नियम आहे, पण घरी कुणी नसेल तर तो डबा तिथेच राहतो. मी खोलीसाठी एक छोटा फ्रिज मागितलाय, फक्त औषधांसाठी, किल्ली वॉचमनकडे. सेक्रेटरींचं म्हणणं, महिनाभरात त्यात कुणाचं तरी श्रीखंड निघेल. विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर पाचव्या क्रमांकाला आहे, कुत्र्यांच्या नंतर.